म्युनिक की बर्लिन? मुलगी चौथीत जाणार असेल तर

म्युनिक आणि बर्लिन, दोन्हीकडच्या ऑफर हातात आहेत, पगार म्युनिकला जास्त आहे, मुलगी तिसरी संपवून येणार; शाळेच्या दृष्टीने कुठे जावं, असं तुम्ही विचारलंत. मी बर्लिन म्हणेन.

जर्मनीत शाळा केंद्राच्या हातात नाहीत. १६ राज्यं, १६ शिक्षणमंत्री आणि प्रत्येकाचा कायदा वेगळा. म्युनिक बायर्न राज्यात येतं. तिथे प्राथमिक शाळा चौथीलाच संपते आणि मे महिन्याच्या सुरुवातीला एक दाखला हातात पडतो. जर्मन, गणित आणि आपल्या परिसर अभ्यासासारखा एक विषय, या तिन्हींची सरासरी २.३३ पर्यंत असेल तर गिम्नाझिउम (विद्यापीठाकडे नेणारी शाळा), २.६६ पर्यंत रेआलशूल (दहावीपर्यंतची मधली शाळा), नाहीतर मिटेलशूल (बहुतेक कामधंद्याच्या शिक्षणाकडे नेणारी). (इथे १ म्हणजे सर्वांत चांगला आणि ६ म्हणजे नापास, आजीआजोबांना आधीच सांगून ठेवा.) शाळा सप्टेंबरला सुरू होते, म्हणजे नवी भाषा शिकून एवढे गुण मिळवायला मुलीला जेमतेम आठ महिने. जर्मन मातृभाषा नसलेल्या आणि पहिलीपासून तिथे न शिकलेल्या मुलांना ३.३३ पर्यंत सूट मिळू शकते, पण भाषेची कसर पुढे भरून निघेल असं शिक्षकांना वाटायला हवं. नऊ वर्षांच्या पोरीच्या डोक्यावर हे कशाला?

बर्लिनमध्ये प्राथमिक शाळा सहावीपर्यंत आहे. तेवढ्यात मुलं भाषा बऱ्यापैकी पचवतात. अर्थात तिथेही आता सैल कारभार नाही. पूर्वी प्राथमिक शाळेची शिफारस नसली तरी पालक हट्टाने गिम्नाझिउममध्ये घालू शकत; २०२५ पासून गुण कमी पडले तर आधी चाचणी पार करावी लागते. पण तिथल्या एकात्मिक माध्यमिक शाळांतूनही आबिटुअर (विद्यापीठ प्रवेशासाठी लागणारी शालान्त परीक्षा) देता येतं, फक्त सहसा एक वर्ष जास्त लागतं.

सुधारणांचं म्हणाल तर आजचा नियम मुलगी दहावीत जाईपर्यंत टिकेल असं धरून चालू नका. बायर्नने २००४ मध्ये गिम्नाझिउम नऊवरून आठ वर्षांचं केलं. पालकांची ओरड वर्षानुवर्षं चालली आणि २०१८ पासून पुन्हा नऊ केलं. त्यामुळे २०२५ मध्ये आबिटुअरची नेहमीची तुकडीच जवळजवळ नव्हती. शेजारच्या बाडेन-व्युर्टेम्बर्गने चौथीनंतरची बंधनकारक शिफारस २०१२ मध्ये काढली आणि आता वेगळ्या रूपात परत आणली. म्हणून 'आधी म्युनिक, मग बघू' हा बेत मला पटत नाही. मधेच राज्य बदललं की वर्षांचा हिशेब जुळत नाही.

तुम्ही दोघंही नोकरी करणार असाल तर दुपारचंही बघा. प्राथमिकच्या मुलांना दिवसभराच्या सोयीचा कायदेशीर हक्क ऑगस्ट २०२६ पासून मिळतोय, पण पहिलीपासून दरवर्षी एकेक इयत्ता वाढत. चौथी त्यात २०२९ ला येणार. तुमच्या मुलीला त्याचा उपयोग नाही. दुपारच्या पाळणाघरातली जागा घर शोधतानाच मागा.

आणि स्वस्त तिकिटासाठी सुट्टीच्या दोन दिवस आधी भारतात निघायचं मनात असेल तर विसरा. शाळेची हजेरी सक्तीची आहे, दंड होतो, बायर्नमध्ये तर विमानतळावर पोलिसांनी तपासणी केल्याचे प्रसंग आहेत.

शेवटी म्युनिकच ठरलं तर मुख्याध्यापकांना भेटून मुलीला चौथीऐवजी तिसरीत बसवता येईल का ते विचारा. एक वर्ष मागे गेलं तर इथे कोणी नाक मुरडत नाही.