गिरणी विकत घेतली, आता गिऱ्हाईक कसं टिकवायचं?

प्रश्न : नमस्कार ताई. आमच्या पेठेतली पिठाची गिरणी मी नुकतीच विकत घेतलीय, सोबत मिरची कांडपाचं मशीनपण आहे. आधीचे काका वय झालं म्हणून पुढच्या महिन्यात मुलाकडे पुण्याला चाललेत. गिऱ्हाईक पिढीजात आहे, पण आत्तापासूनच काहीजण "काका नाहीत का?" असं विचारून दळणाचा डबा परत घेऊन जातात. एका काकूंनी तर पीठ कमी भरलं म्हणून सगळ्यांसमोर सुनावलं. मला गिरणी रंगवून घ्यायचीय, नाव बदलायचंय आणि दरही थोडे वाढवायचेत. सुरुवात कशापासून करू?
– एक वाचक, सातारा

उत्तर : यातलं काहीच आत्ता करू नका. रंग दिलात तर एकवेळ चालेल, पण नाव आणि दर दिवाळीपर्यंत आहे तसेच राहू द्या. मालक बदलला हे लोकांना कळलंच आहे, त्यात पाटी बदलली, दर वाढले आणि नेमकं त्याच आठवड्यात पीठ जरा जाड आलं की संपलं, मग गल्लीभर एकच वाक्य फिरतं, "काका होते तेव्हा असं नव्हतं हो."

मोटर आणि दगड काय, कुणालाही विकत मिळतात. तुम्ही पैसे मोजलेत ते काकांच्या डोक्यात जे आहे त्याचे, आणि ते तर पुढच्या महिन्यात पुण्याला चाललंय! कुणाला ज्वारी गव्हावर दळलेली चालत नाही, कुणाच्या घरात गव्हाची अ‍ॅलर्जी आहे म्हणून तांदळाचं पीठ दगड साफ करूनच काढायचं, कुणाला लाडवासाठी डाळ रवाळ लागते, थालीपिठाची भाजणी जाडसर आणि चकलीची बारीक, उपासाची भाजणी कुठल्या वारी लावायची, हे काकांनी कधी लिहून ठेवलेलं नसणार. त्यामुळे एक वही घ्या, काकांना रोज संध्याकाळी तासभर खुर्ची टाकून गिरणीत बसवा आणि जो डबा येईल त्याची हकिकत विचारून लिहून घ्या. डब्यावर नाव नसेल तर फोटो काढा, अहो निम्म्या डब्यांची ओळख झाकणाच्या पोच्यावरच असते. आणि गिऱ्हाईक समोर असताना काकांनी स्वतः म्हणायला पाहिजे की "आता हा बघतो, मी सगळं सांगितलंय याला." या एका वाक्याचं काम दहा हजारांच्या फ्लेक्सने होत नाही.

आता त्या काकूंचं. पीठ कमी भरल्याचा संशय नव्या गिरणीवाल्यावर पहिला येतो, जुन्यावर कधीच येत नाही. थोडं पीठ मशीनला चिकटून राहतं, दळताना गरम होऊन ओलावा उडतो, म्हणून घट येतेच, पण हे समजावून सांगत बसलात तर लोकांना सबब वाटते. त्यापेक्षा धान्य आलं की त्यांच्यासमोर काट्यावर ठेवा, वजन चिठ्ठीवर लिहून चिठ्ठी डब्याला लावा, पीठ देताना परत वजन करून त्याच चिठ्ठीवर लिहा. काट्यावर वैधमापन विभागाचा चालू शिक्का आहे ना ते बघून घ्या, इलेक्ट्रॉनिक काट्याची तपासणी दरवर्षी करून घ्यावी लागते. त्या काकूंचं पुढचं दळण फुकट देऊ नका, त्याने तुम्ही चूक कबूल केल्यासारखं होतं, फक्त त्यांच्यासमोर वजन करा.

दगडाला टाकी लावलीत, म्हणजे छिनीने ठोकून परत खरखरीत करून घेतलात, की पहिलं दळण कुणा गिऱ्हाइकाचं घ्यायचं नाही. आधी स्वतःचं थोडं धान्य फिरवून टाकून द्या. भाकरीत एकदा कचकच लागली की तो डबा परत येत नाही.

मोठ्या कंपन्यांनासुद्धा हे चुकत नाही. 1993 साली पारलेने थम्स अप, लिम्का, गोल्ड स्पॉट हे ब्रँड कोका-कोलाला विकले. नव्या मालकांकडे स्वतःचा कोला होताच, तरी लोक थम्स अपच मागत राहिले म्हणून ते चालू ठेवावं लागलं. गोल्ड स्पॉट मात्र फँटासाठी बंद केलं, त्याची हळहळ आजही पन्नाशीतली मंडळी करतात.

कागदोपत्री आणि मोबाईलमधलं : भिंतीवरचा क्यूआर कोड आधी बघा, तो काकांच्याच खात्याचा असेल तर दळणाचे पैसे अजून त्यांच्याकडेच जाताहेत. काकांचा गिरणीचा नंबर जमलं तर तुमच्या नावावर करून घ्या, कारण व्हॉट्सअ‍ॅपचा ब्रॉडकास्ट मेसेज ज्यांनी तो नंबर सेव्ह केलाय त्यांनाच पोचतो, नवीन नंबरवरून "मसाला कांडप सुरू" असं कितीही पाठवलंत तरी कुणाला दिसणार नाही. गूगलवर गिरणी असेल तर त्याची मालकीही काकांनी तुमच्याकडे द्यायला हवी, जुने रिव्ह्यू तसेच राहतात. अन्न परवाना मात्र विक्रीबरोबर तुमच्याकडे येत नाही, तुमच्या नावाने नवीन काढा. काकांचं जीएसटी असेल तर जुनी थकबाकी नाही ना हे सीएकडून तपासा, धंदा घेणाऱ्यावरही तिची जबाबदारी येते.

काका पुण्याला चाललेत म्हणून तुम्हाला भीती नाही, पण बाकी वाचकांसाठी सांगते. विकणारा उद्या समोरच दुकान थाटणार असेल तर करार करतानाच बघा. 1872 च्या करार कायद्याच्या कलम 27 मध्ये, गुडविल (म्हणजे धंद्याचं नाव आणि बांधलेलं गिऱ्हाईक) विकणाऱ्याने ठराविक हद्दीत तोच धंदा करायचा नाही अशी वाजवी अट घालायची सोय आहे.

दर वाढवायचेच असतील तर चकलीच्या भाजणीची गर्दी ओसरल्यावर वाढवा आणि पंधरा दिवस आधी पाटी लावा. ऐन दिवाळीत वाढवलेत तर लोक पैसे देतील हो, पण उन्हाळ्यात मिरच्या दुसरीकडे नेतील.

प्रश्न : जिमची वर्षाची फी भरली होती, चार महिने झाले आणि मालक बदलला. नवीन मालक म्हणतो जुन्या पावत्या चालणार नाहीत, परत भरा. हे बरोबर आहे का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : नाही, इतकं सोपं नाहीये ते. पैसे जुन्या मालकाने घेतलेत, त्यामुळे तो सुटत नाही, आणि नवीन मालकाने चालू मेंबरशिप्ससकट जिम घेतली असेल तर तोही सुटत नाही. त्या दोघांमध्ये काय ठरलंय ते तुम्हाला दाखवणार नाहीत, म्हणून दोघांनाही एकाच मेलमध्ये पावतीचा फोटो टाकून लिहा की उरलेले आठ महिने द्या नाहीतर तेवढे पैसे परत करा. तोंडी भांडून काही हाती लागत नाही. उत्तर नाही आलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 ला फोन करा, त्यानेही नाही झालं तर ग्राहक आयोग आहे, तिथे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. आणि बाकीच्या मेंबर्सना सोबत घ्या, वीसजणांचे मेल एकाच दिवशी गेले तर नवीन मालक बहुतेक आठवड्याभरात स्वतःच फोन करेल.