मोटर पाणी ओढते की ढकलते?

प्रश्न : नमस्कार सर. माझ्या मुलीच्या विज्ञानाच्या पुस्तकात बल म्हणजे ढकलणं किंवा ओढणं असं दिलंय, तर तिने मला विचारलं पप्पा आपली विहिरीवरची मोटर पाणी ओढते की ढकलते. मी म्हटलं ओढते, त्यात काय विचारायचं. पण आमचं असं आहे की उन्हाळ्यात पाणी तीस फुटाच्या खाली गेलं की मोटर नुसती फिरते, पाणी येत नाही. दुकानदार म्हणाला तीन एचपीची काढा पाचची टाका. टाकली, तरी तेच. वर मुलगी म्हणते शाळेजवळचा हापसा हाताने दीडशे फुटावरून पाणी काढतो, मग आपल्या पाच एचपीला काय झालं?

उत्तर : दादा, आधी मुलीला शाबासकी द्या, कारण तिने विचारलंय तिथेच सगळी गोम आहे. पाण्याला दोरीसारखं धरून ओढता येत नाही हो. पंपाचा पंखा फिरतो तेव्हा त्याच्या तोंडाशी दाब कमी होतो, खालच्या पाण्यासाठी बस्स एवढंच तो करतो. पाण्याला वर चढवते ती विहिरीतल्या पाण्यावर दाबून बसलेली बाहेरची हवा. म्हणजे खालून मोटरपर्यंत येईपर्यंत ढकलणं, आणि ते पण मोटरचं नाही.

आता ही हवा दाबणार किती? दर चौरस सेंटीमीटरला साधारण एक किलो. तेवढ्या जागेवर उभा राहू शकणारा पाण्याचा खांब समुद्रसपाटीला 10.3 मीटर भरतो, म्हणजे 34 फूट. पुण्याच्या उंचीला तोच साडेनऊ-पावणेदहा मीटरवर येतो, आणि हा हिशोब पूर्ण निर्वात पोकळी धरून. प्रत्यक्षात पाइपचं घर्षण, फूट व्हॉल्व्ह (पाइपच्या तळाची, पाणी परत खाली जाऊ न देणारी झडप), कुठेतरी सैल जॉइंट, त्यामुळे वीस-बावीस फुटापुढे भरवसा नाही. मोटर पाचची घाला नाहीतर पन्नासची, हवा तेवढीच ढकलणार. उलट मोठ्या मोटरने त्याच पाइपमधून जास्त पाणी मागितलं की घर्षण वाढतं, दाब इतका पडतो की पंपातलं गार पाणी सुद्धा उकळायला लागतं आणि आतून खडे फिरल्यासारखा खडखड आवाज येतो. दुकानदाराने तुम्हाला मोटर विकली, उपाय नाही विकला.

ही अडचण युरोपात गॅलिलिओच्या काळात सुद्धा होती, ठराविक उंचीनंतर पंप पाणी सोडायचे. 1640च्या दशकात त्याचा शिष्य टॉरिचेलीने पाण्याऐवजी पारा घेतला, तो 13.6 पट जड, त्यामुळे खांब फक्त 76 सेंटीमीटर. 76 गुणिले 13.6 मुलीला करायला सांगा, तेच 10.3 मीटर येतात. घरी बघायचं तर तोंडात दोन स्ट्रॉ धरायला सांगा, एक सरबतात आणि दुसरी ग्लासच्या बाहेर मोकळी. कितीही जोर लावला तरी सरबत येत नाही, कारण मोकळ्या स्ट्रॉने हवा आत शिरते आणि तोंडातला दाब कमीच होत नाही. विहिरीतल्या पाण्याच्या वर, मोटरकडे येणाऱ्या पाइपला चीर गेली की मोटरचं हेच होतं, आपण म्हणतो हवा धरली.

हापशाचं वेगळं आहे. त्याचा दट्ट्या वर नसतोच, तो खाली पाण्यात बुडालेल्या सिलिंडरमध्ये असतो, त्यामुळे पाणी दट्ट्यावर बसून उचललं जातं, हवेवर काही अवलंबून नाही. आणि हे बघा, गावोगावचा इंडिया मार्क टू हापसा सत्तरच्या दशकात युनिसेफच्या मदतीने तयार झाला तो आपल्या सोलापूरच्या पंपावरूनच. दांड्याला आत साखळी असते, आणि साखळीला दट्ट्यापर्यंत गेलेली सळई. साखळीने ओढता येतं, ढकलता येत नाही, आणि तेच हवंय, कारण दीडशे फूट बारीक सळई वरून ढकलली तर वाकेल. खाली जाताना ती स्वतःच्या वजनाने जाते. म्हणून उथळ बोअरला हा हापसा नीट चालत नाही, सळईचं वजनच पुरत नाही.

तुमच्यासाठी दोन मार्ग. विहिरीत खाली ओटा किंवा लोखंडी अँगल टाकून मोटर पाण्यापासून पंधरा-वीस फुटात आणा, पाणी वाढलं की वर घ्यायची खटपट मात्र आहे. नाहीतर सबमर्सिबल टाका, ती पाण्यातच बसून खालून ढकलते, तिला 34 फुटाचं बंधन नाही. आणि मोटरच्या वरच्या पाइपात, टाकीपर्यंत, ढकलण्याचं काम मोटरच करते बरं का, तिथे एचपी कामाला येते. मुलीला सांगा, मोटर ओढत नाही; खालून मोटरपर्यंत हवा ढकलते आणि तिथून वर मोटर ढकलते.