घरचा कचरा वेगळा करण्याचा खरोखर काही उपयोग होतो का?

आपण विचारले आहे की, घरी ओला आणि सुका कचरा वेगळा केला तरी गाडीत तो पुन्हा एकत्रच होत असेल, तर हा खटाटोप कशासाठी करावा आणि सामान्य ग्राहकाने कचरा कमी करण्यासाठी नेमके काय करावे. मी पुण्यात राहतो आणि आमच्या सोसायटीच्या कचऱ्याची व्यवस्था काही काळ माझ्याकडे होती, त्यावरून सांगतो. उपयोग होतो, मात्र सगळ्या वस्तूंचा सारखा होत नाही. कोणत्या वस्तूचा किती होतो हे समजून घ्यायचे असेल, तर जवळच्या रद्दीच्या दुकानात उभे राहून भाव विचारावेत. याहून प्रामाणिक उत्तर दुसरीकडे मिळणे कठीण.

तांबे, पितळ आणि ॲल्युमिनियम यांना चांगला भाव मिळतो, कारण तिथे बचत खरी आहे. खनिजापासून नवे ॲल्युमिनियम काढण्याच्या तुलनेत जुने वितळवायला सुमारे ९५ टक्के कमी ऊर्जा लागते. कागद आणि पुठ्ठा यांनाही गिऱ्हाईक असते, पण दर वेळी लगदा करताना त्यांचे तंतू आखूड होत जातात आणि साधारण ५ ते ७ फेऱ्यांनंतर ते कागदाच्या कामाचे राहत नाहीत. पाण्याच्या आणि शीतपेयांच्या बाटल्या विकल्या जातात. त्यांतल्या पुष्कळ बाटल्यांचा पुढे पॉलिएस्टरचा धागा होतो, आणि त्या धाग्याचे कापड विटले की ते पुन्हा वापरात आणणे फार अवघड असते. वेफर्सची पाकिटे आणि शाम्पूच्या पुड्या मात्र दुकानदार हातातही धरत नाही. प्लास्टिकचे आणि धातूचे अतिशय पातळ थर एकमेकांना चिकटवून ती तयार केलेली असतात आणि ते थर सोडवणे कोणालाही परवडत नाही. अशा पाकिटांवर पुनर्वापराचे चिन्ह छापलेले असले तरी त्याचा फार अर्थ नसतो.

माझ्या मते वर्गीकरणाचा सर्वांत मोठा लाभ ओला कचरा बाजूला राहण्यात आहे. आपल्याकडच्या घरगुती कचऱ्यात निम्म्याच्या आसपास वाटा ओल्याचाच असतो, आणि त्यातली उरलेली आमटी पुठ्ठ्यावर सांडली की त्या पुठ्ठ्याची किंमत संपली. हाच ओला कचरा डेपोवर ढिगाखाली हवेशिवाय कुजतो, तेव्हा मिथेन हा सहज पेट घेणारा वायू तयार होतो. मुंबईचा देवनार कचरा डेपो १९२७ पासून कचरा झेलत आहे. २०१६ च्या जानेवारीत तिथे लागलेल्या आगीचा धूर शहरावर पसरला, तेव्हा या गोष्टीची चर्चा घरोघरी झाली. पुण्याचा कचरा ज्यांच्या दारात जाऊन पडला, त्या उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांना त्याची किंमत त्याआधीपासूनच ठाऊक होती.

आणखी एक गोष्ट सहसा बोलली जात नाही. आपल्याकडे हे काम यंत्रापेक्षा माणसाच्या हातांनी होते. पुण्यात १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली आणि पुढे त्यातून ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था उभी राहून २००८ मध्ये तिचा महापालिकेशी करार झाला. तिच्या सभासदांत बहुसंख्य स्त्रिया आहेत आणि सुका माल विकून येणारे पैसे त्यांचे स्वतःचे असतात. म्हणजे आपण पुठ्ठा कोरडा ठेवला, तर त्याचा हिशेब कोणाच्या तरी त्या दिवसाच्या कमाईत होतो. काम हातांनी होते, म्हणूनच फुटलेली काच आणि सॅनिटरी पॅड उघड्यावर टाकू नयेत. पॅड आणि डायपर कागदात गुंडाळून त्यावर ठळक लाल ठिपका काढावा, म्हणजे ती पुडी कोणी उकलून पाहत नाही.

आता गाडीत सगळे एकत्र होते, त्याविषयी. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी वर्गीकरण घरातूनच करणे बंधनकारक केले असले, तरी काही ठिकाणी आपण म्हणता तसे घडते, हे खरे आहे. तेव्हा शक्य तेवढे गाडीपर्यंत जाऊच देऊ नये. सुका माल सडत नाही. तो पोत्यात साठवून थेट रद्दीवाल्याला द्यावा. दुधाच्या पिशव्या धुऊन ओट्यामागच्या टाइल्सवर चिकटवून वाळवण्याची पद्धत अनेक घरांत आहे आणि ती अगदी योग्य आहे. फक्त पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडू नये, लोंबता ठेवावा. तो इवलासा तुकडा वेगळा झाला की कोणाच्याच हाती लागत नाही. ओल्या कचऱ्याचे घरीच खत करायला भोके पाडलेली बादली पुरते. वास येऊ लागला, तर आत पाणी जास्त झाले आहे असे समजून वाळलेला पाला किंवा कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) घालून ढवळावे. चिलटांचाही त्रास याने बराच कमी होतो.

खरेदी करताना मी एकच प्रश्न विचारतो: याचे वेष्टण रद्दीवाला घेईल का? उत्तर नकारार्थी असेल, तर पुड्यांऐवजी मोठी बाटली घेतो, हॉटेलातून पार्सल आणायला घरचा डबा नेतो, आणि चटणी-सॉसच्या पुड्या नकोत असे आधीच सांगतो. कापडी पिशवीबाबत थोडे सावध राहावे. कापूस पिकवायलाही पाणी आणि खत लागते, त्यामुळे समारंभांत मिळालेल्या नव्या पिशव्यांचा ढीग करण्यापेक्षा जुन्या चादरीची एकच पिशवी शिवून ती फाटेपर्यंत वापरावी. ‘कंपोस्टेबल’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बहुतेक पिशव्या कुजायला मोठ्या प्रकल्पातली उष्णता लागते. घरच्या बादलीत त्या दीर्घकाळ तशाच पडून राहतात आणि साध्या प्लास्टिकमध्ये मिसळल्या, तर त्याचाही माल बिघडवतात. घरी त्यांचा काही फायदा नाही, त्यामुळे जादा पैसे देऊन त्या घेऊ नयेत.