देव्हाऱ्यातला टॅबलेट

प्रश्न : आमच्या भाच्याने देव्हाऱ्यात टॅबलेट ठेवलाय. पडद्यावर कृष्णाचं चित्र. प्रश्न विचारला की चॅटबॉट कृष्ण म्हणून उत्तर देतो. सासूबाई त्यालाही हळदकुंकू वाहतात. दगडाची मूर्ती चालते तर बोलणारं यंत्र का नाही, असं तो विचारतो. काय सांगावं?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : हळदकुंकवाला हरकत नाही. भागवताच्या अकराव्या स्कंधात प्रतिमांचे आठ प्रकार दिलेत. त्यांत दगड, लाकूड, धातू आहेत तशी चित्रं, वाळू, अगदी मनातली मूर्तीही आहे.

अडचण उत्तरांची आहे. ब्रह्मसूत्र (4.1.5) सांगतं की प्रतीकात ब्रह्म पाहावं, ब्रह्मावर प्रतीक लादू नये. शंकराचार्यांचा दाखला असा : सारथ्याला राजाचा मान दिला तर लाभच, राजाला सारथी ठरवलं तर अनर्थ. यंत्र बोलेल तेच कृष्णाचं म्हणणं, असं धरलं की राजालाच सारथी ठरवल्यासारखं होतं. बायबलच्या 115व्या स्तोत्रात मूर्तींना तोंड असूनही बोलता येत नाही असं म्हटलंय. तोच धागा धरून व्हॅटिकनने जानेवारी 2025 मध्ये इशारा दिला की कृत्रिम बुद्धिमत्ता बोलते, निदान तसा भास होतो, म्हणून ती जुन्या मूर्तींहून जास्त भुलवेल.

‘आपल्याकडेही देव कौल देतो की,’ असं भाचा म्हणेल. पण कौलाची रीत बघा. प्रश्न आधी ठरतो, गुरव चारचौघांसमोर गाऱ्हाणं घालतो, मूर्तीला ओल्या पाकळ्या किंवा कळ्या लावतात. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. तुमचा कल काय, हे पाकळीला कळत नाही. चॅटबॉटला ते प्रश्नाच्या शब्दांतूनच कळतं, आणि माणसांना आवडलेल्या उत्तरांवर तो घडवलेला असल्याने बऱ्याचदा तो मान डोलावतो.

भाच्याला हे स्वतः करून पाहू द्या. एका संवादात लिहायचं, ‘भावाला जमिनीत वाटा द्यावासा वाटतो, बरोबर ना?’ दुसरा, कोरा संवाद उघडून लिहायचं, ‘वाटा देऊ नये असं वाटतं, बरोबर ना?’ दोन्हीकडे ‘बरोबर’ आलं तर ते कोणाचं मत म्हणायचं? मग श्लोकाचा क्रमांक मागा आणि छापील गीतेत ताडून बघा. बाराव्या अध्यायात 20च श्लोक आहेत. पंचविसावा सांगितला तर तो रचलेला. क्रमांक बरोबर आला तरी अर्थ वाचा, कारण खऱ्या श्लोकाला भलताच अर्थ चिकटवलेलाही आढळतो.

चित्र देव्हाऱ्यात राहू द्या, चॅटबॉट तेवढा काढून टाका. त्याला काही विचारायचंच असेल तर बाहेर, मोबाइलवर, ‘कृष्ण म्हणून बोल’ ही सूचना न देता विचारा. जमिनीचं मात्र भावासमोर बसूनच ठरवा.