पान नऊवरची खोडाखोड

अगं,

तुझी वही बाबांनी मंगळवारी आणून दिली. शंभर पानी, प्लॅस्टिकचं कव्हर, आत चौदा पुस्तकं. दोन दुपारी बसून वाचली. सोबतच्या चिठ्ठीत तू विचारलंयस, "काकू, मला एकोणीस पूर्ण झाली तरी अजून शाळकरी मुलांच्याच गोष्टी आवडतात. मोठ्यांच्या कादंबऱ्या वाचते, पण त्या आत शिरत नाहीत. माझं काही चुकतंय का?"

चुकतंय. कुठे ते सांगते.

पान नऊ काढ. मिलिंद बोकिलांची 'शाळा'. तिथे निळ्या पेनानं तू एक ओळ लिहिलीस आणि तिच्यावर इतक्या आडव्या रेघा मारल्यास की मागच्या पानावर वळ उठलेत. मग वर, वळणदार अक्षरात, "लेखकाने पौगंडावस्थेतील भावविश्व समर्थपणे उभे केले आहे." हे वाक्य माझ्या चांगल्या ओळखीचं आहे. रविवारच्या पुरवण्यांत ते मला तीस वर्षं भेटतंय. कधी भावविश्व बालविधवेचं असतं, कधी ऊसतोड कामगाराचं, उभं करणारा मात्र दर वेळी समर्थच. मी ते पान खिडकीच्या काचेला लावलं आणि उजेडात खालची ओळ वाचली. "संपलं तेव्हा मेसची वेळ टळून गेली होती आणि मला कुणाशीच बोलायचं नव्हतं."

ही ओळ का खोडलीस? वहीतल्या चौदा पुस्तकांत तुझ्या स्वतःच्या म्हणाव्यात अशा मोजक्याच ओळी, त्यांतली ही एक होती!

तुझ्या ग्रुपातला तो खूप वाचणारा मुलगा म्हणतो की 'शाळा' ही पायरी आणि 'कोसला' हा वरचा मजला. पायरीवरच बसून राहणारा माणूस वाढत नाही. त्याला माझा नमस्कार सांग आणि एक हिशेब करायला दे. 'कोसला' १९६३ साली आली तेव्हा ती लिहिणारे भालचंद्र नेमाडे पंचविशीत होते, म्हणजे तुझ्यापेक्षा सहाच वर्षांनी मोठे. 'शाळा' २००४ सालची, बोकील तेव्हा चाळिशी ओलांडून गेलेले. लंपन नावाच्या शाळकरी मुलाच्या गोष्टींचं पहिलं पुस्तक 'वनवास' १९९४ साली आलं, तेव्हा प्रकाश नारायण संत सत्तावन्न वर्षांचे, कराडला भूगर्भशास्त्र शिकवून केस पिकलेले प्राध्यापक. म्हणजे मोठ्यांची म्हणून तुला ज्या कादंबरीची भीती घातली जाते ती एका पोरसवदा माणसानं लिहिलीय, आणि ज्या गोष्टींना तू शाळकरी म्हणतेस त्या लिहायला माणसांना अर्धं आयुष्य घालवावं लागलं. मग यातलं पायरी कुठलं आणि मजला कुठला?

आपल्याकडे घोळ शब्दाचाही आहे. 'कुमार साहित्य' म्हटलं की डोळ्यांसमोर फास्टर फेणे येतो, आणि तो सायकलवरून दिसेनासा झाला की पुढे एकदम कर्ज, बाळंतपण आणि मरण. सोळा ते बाविशीच्या माणसांसाठी मराठीत वेगळं कपाट कधी नव्हतंच. इंग्रजीत आहे, त्याला यंग अ‍ॅडल्ट म्हणतात. अमेरिकेत १९६७ साली 'द आउटसायडर्स' आली तेव्हा ती लिहिणारी एस. ई. हिंटन अठरा वर्षांची होती. मुलग्यांच्या टोळ्यांची गोष्ट मुलीनं लिहिलीय हे कळू नये म्हणून नावाच्या जागी नुसती आद्याक्षरं छापली. तिकडे त्या कपाटाची गोष्ट सांगताना बहुतेक जण या पुस्तकापासून सुरुवात करतात. आपल्याकडे सचिन कुंडलकरांनी विशीच्या आसपास लिहिलेली 'कोबाल्ट ब्लू' २००६ साली पुस्तकरूपात आली आणि थेट मोठ्यांच्या फळीवर जाऊन बसली. घरात राहायला आलेल्या एकाच तरुणावर भाऊ आणि बहीण दोघांचाही जीव जडतो, अशी ती गोष्ट. तू तिच्यापुढे लिहिलंयस, "भावाचा भाग दोनदा वाचला, बहिणीचा राग आला, का ते माहीत नाही." शाबास. हे खोडलं नाहीस. का नाही खोडलंस ते मला कळलं: या पुस्तकावर तुझ्या ग्रुपात कुणी काही बोललंच नव्हतं.

माझं ऐक. पहिली ओळ खोडायची नाही. भले ती बावळट असो, पुस्तकाबद्दल नसून मेसच्या वेळेबद्दल असो. ती जशी उमटली तशी राहू द्यायची. मत नंतर बनव, हवं तर पानभर बनव, पण तिच्या खाली.

मी हे इतकं ठासून सांगतेय त्याला कारण आहे, आणि ते काही फार अभिमानाचं नाही. १९८६ साली मी बी. ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. निबंधस्पर्धा होती, विषय आवडती कादंबरी. मी 'कोसला' घेतली, कारण सर तिच्याबद्दल आवाज खाली आणून बोलायचे. आमची खानावळ होती हे तुला ठाऊक नसेल. कॉलेजची चाळीस मुलं दोन वेळा जेवायची आणि उधारीची वही मी लिहायचे. 'कोसला'चा नायक पांडुरंग होस्टेलच्या मेसचा कारभार अंगावर घेतो आणि पैशात बुडत जातो, तो भाग वाचताना मी पेन्सिलनं समासात आकडे मांडत होते. एवढी मुलं, एवढे पैसे, मग गळती कुठे? आणि मी खाली लिहिलं, "या मुलाला तुरीच्या डाळीचा भाव माहीत नाही." त्या भागाला मी पोट धरून हसले होते. मग मनीचा भाग आला, देवीच्या रोगानं जाणाऱ्या त्याच्या धाकट्या बहिणीचा, आणि मी पुस्तक पालथं ठेवून पिठाच्या डब्यावर बसून राहिले.

निबंधात यातलं काहीसुद्धा नाही. निबंधात 'अस्तित्ववादी' हा शब्द सात वेळा आहे. तेव्हा त्याचा अर्थ मला येत नव्हता, आताही मी शपथेवर सांगणार नाही. खानावळवाल्याची मुलगी म्हणून ओळखलं जाईन याची लाज वाटली आणि मी डाळीची ओळ खोडरबरनं पुसून टाकली. दुसरं बक्षीस मिळालं, ५१ रुपये आणि नारळ. परीक्षकांनी 'प्रगल्भ' म्हटलं. आता वाटतं, त्या वर्षी 'कोसला'वर महाराष्ट्रात जे काही लिहिलं गेलं असेल त्यात डाळीचा भाव विचारणारी मी एकटीच असते. ती संधी मी ५१ रुपयांना विकली.

तू म्हणशील, काकू, मग पुढे का नाही लिहिलंत? वाचनालयातली नोकरी होती, सासूबाईंचं आजारपण होतं, आणि गावातल्या साप्ताहिकाला परीक्षण हवं असायचं ते लेखकाच्या सत्काराआधी, म्हणजे चांगलंच. मी समीक्षक झाले नाही याचं मला वाईट वाटत नाही. (हे खोटं आहे, पण राहू दे. खोडत नाही.)

वाईट वाटतं ते दुसऱ्याच गोष्टीचं. आमच्या वाचनालयात सोळाच्या आतल्यांना गुलाबी कार्ड आणि पुढच्यांना पांढरं. गुलाबी कार्डावर बालविभागाचंच पुस्तक द्यायचं. आमची पुस्तकं काळ्या रेक्झिनच्या बाइंडिंगमधली, कव्हरं त्यातच गेलेली, पाठीवर पांढऱ्या रंगात नाव आणि दाखल क्रमांक. बाहेरून 'बनगरवाडी' आणि भुताच्या गोष्टी अगदी सारख्या दिसायच्या. मुलं काहीही उचलून देवघेवीच्या टेबलावर आणायची आणि आम्ही कार्डाचा रंग बघून हो किंवा नाही म्हणायचो. बहुधा २००५च्या जूनमध्ये एक मुलगा 'शाळा' घेऊन आला. नववीतला, नवं दप्तर, ओले बूट. मी ती त्याच महिन्यात वाचली होती. माझाही मुलगा तेव्हा नववीत, आणि मुलींमागे फिरणाऱ्या पोरांचं ते बोलणं वाचून मी धास्तावले होते. मी म्हटलं, "हे तुझ्या वयाचं नाही." तो म्हणाला, "पण काकू, तो पण नववीतच आहे ना?"

नववीतल्या मुलाला मी नववीतल्या मुलाची गोष्ट नाकारली. पुढच्या आठवड्यात तो अनामत परत मागायला आला. वीस रुपये. पावती त्यानं घडी न मोडता जपून आणली होती. मी सही घेतली, पैसे दिले, गुलाबी कार्ड फाडून टोपलीत टाकलं.

नियम समितीचा होता. दोन पालकांनी आधी तक्रारी केल्या होत्या, एका पुस्तकातली पानं कुणी ब्लेडनं कापून नेली होती, आणि मी काही समितीची सभासद नव्हते, पगारी नोकर होते. हे सगळं खरं. पण तो नियम लावलेला फळा माझ्या अक्षरातला होता, आणि 'तुझ्या वयाचं नाही' हे वाक्य कुठल्याही ठरावात लिहिलेलं नव्हतं. ते माझं. तेव्हा तू जेव्हा विचारतेस की माझ्या वयाला कुठलं पुस्तक शोभेल, तेव्हा मला कसं होतं ते तुला कळणार नाही. पुस्तकाला आणि वाचणाऱ्याला रंगीत कार्डं वाटायचं काम मी तेहतीस वर्षं केलंय. तू ते फुकटात करू नकोस.

त्या मुलानंतर मी घरी एक रजिस्टर घातलं. एका पुस्तकाला एक ओळ, पेनानं, खोडाखोड बंद. मलपृष्ठावरचा मजकूर सगळ्यात शेवटी वाचायचा. नवीन पुस्तक आलं की त्यावर मी खाकी कागद चिकटवते, घरातले हसतात, हसू देत. 'शाळा'ची जुनी ओळ मी आठवणीतून पहिल्या पानावर उतरवून ठेवली, "मुलगे असेच असतात, भीती वाटते." २०१९ साली पुन्हा वाचली तेव्हाची ओळ, "या नरूमामासारखा एक तरी माणूस प्रत्येक घरात हवा, आमच्या घरात नव्हता." आणीबाणी त्या कादंबरीत मागच्या भिंतीवरच्या कॅलेंडरासारखी आहे हे मला दुसऱ्या वाचनात दिसलं, पहिल्या वेळी मी फक्त मुलीवर नजर ठेवून होते. दोन्ही ओळी मला लागतात. पहिली खोडली असती तर दुसरी कशावर उभी राहिली असती? हा 'उभी राहिली' पुरवणीतला नव्हे हं.

बाकीची पुस्तकं पटकन. 'नातिचरामि'पुढे तू लिहिलंस, "झेपली नाही," आणि लगेच कंसात माफी मागितलीस. माफी कुणाची? लग्न मोडलेल्या बाईचा हिशेब एकोणिसाव्या वर्षी झेपला नाही तर बिघडलं काय? तारीख घालून ठेव, चाळिशीत उघड. 'धग' तू निम्म्यावर सोडलीस, कारण लिहिलं नाहीस. लिही. कंटाळा आला असेल तर कंटाळा म्हण, वऱ्हाडी बोली अडली असेल तर तसं म्हण, त्या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. मला तरी वाटतं तुला बोली अडली; मोठ्यानं वाचून बघ, जमेल. 'वनवास'वर तू अख्खं पान भरलंस आणि सगळं छान, सगळं गोड. लंपन उगीच अवाढव्य आकडे फेकत राहतो, त्याची भाषा कानडीच्या वाऱ्यातली आहे, आईवडिलांपासून लांब आजीआजोबांकडे राहणारा तो पोरगा आतून केवढा एकटा आहे, यातलं काही तुला टोचलं नाही? की टोचलेलं खोडलंस? तुझ्या पानात मला रेघा दिसल्या नाहीत, पण दोन पानं फाडल्याच्या चिकट खुणा शिवणीत दिसल्या. मी तेहतीस वर्षं परत आलेली पुस्तकं तपासली आहेत, माझ्यापासून ते लपत नाही.

आणि 'कोसला'. तुझ्या वहीत तिच्यापुढे शाईनं दोनच शब्द, "महत्त्वाची कादंबरी". खाली कोपऱ्यात पेन्सिलनं, मुंगीएवढ्या अक्षरात, "मनी". एवढंच. तू म्हणतेस ती कादंबरी तुझ्या आत शिरली नाही. अगं, मग हे कोपऱ्यात कोण लिहून गेलं?

तुझ्या ग्रुपातल्या त्या मुलाशी भांडू नकोस. तोही कुणाचं तरी वाक्य घेऊन हिंडत असेल. एकदा विचार त्याला, पहिल्यांदा 'कोसला' वाचलीस तेव्हा कुठे बसला होतास आणि कुठलं पान गाळलंस. उत्तर आलं तर मैत्री ठेव.

वही रविवारी बाबांबरोबर परत पाठवते. मी आत काही लिहिलेलं नाही, फक्त पान नऊला पिवळी चिठ्ठी लावलीय. सोबत माझी 'बनगरवाडी' देते. व्यंकटेश माडगूळकरांची १९५५ सालची कादंबरी, लिहिणारा तेव्हा तिशीच्या आतला, सांगणारा मास्तर तर त्याहून पोरगेला. मलपृष्ठावर कागद चिकटवलाय, तो काढू नकोस. मुदत पंधरा दिवसांची असते, तुला महिना. आणि पानाचा कान दुमडायचा नाही, आत ST चं जुनं तिकीट ठेवलंय ते वापर.

अनेक आशीर्वाद.
काकू