नडगीतली कळ आणि घड्याळातले आकडे

प्रिय पोरी,

तुझा मेसेज रात्री साडेअकराला आला. स्पर्धेला सतरा दिवस उरलेत, उजव्या नडगीत आतल्या बाजूने दुखतंय, गोळी घेऊन पळू का? आणि खाली घड्याळाचा स्क्रीनशॉट, 'रिकव्हरी ८७ टक्के', म्हणजे घड्याळाच्या मते शरीर तेवढं सावरलंय. तिथेच उत्तर लिहायला घेतलं, पण ते वाढत गेलं, म्हणून पत्र.

आधी नडगी. पलंगावर बस, पाय सैल सोड आणि हाडाच्या आतल्या कडेवरून अंगठा वरून खाली दाबत ने. वीतभर पट्टाच्या पट्टा ठणकत असेल आणि पळायला लागल्यावर दुखणं थोडं मोकळं होत असेल, तर बहुतेक स्नायूंच्या ओढीचं दुखणं आहे. आराम दिला की उतरतं. पण एका बोटाखाली मावेल एवढ्याच जागी कळ जात असेल, पळताना वाढत असेल, रात्री कूस बदलताना जाग येत असेल, तर आजपासून पळणं बंद. हाडांच्या डॉक्टरांकडे जायचं.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. सेहेचाळिसाव्या वर्षी साताऱ्याजवळचा यवतेश्वरचा घाट उतरताना अशीच कळ आली होती. गोळी घेतली, पळाले. मग एक्स-रे काढला, त्यात काही दिसलं नाही, म्हणून आणखी दहा दिवस पळाले. शेवटी एमआरआयमध्ये हाडाची चीर सापडली. अशी चीर पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रेत बऱ्याचदा दिसतच नाही, हे मला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. खरं सांगायचं तर मी विचारलंही नव्हतं. दोन महिने काठी घेऊन दळण आणायला जात होते. गोळीने कळ तेवढी झाकली होती. शिवाय घामाने पाणी गेलेलं असताना दुखण्याच्या गोळ्या घेऊन तासन्‌तास पळणं मूत्रपिंडांनाही सोसत नाही.

पण तुझ्या मेसेजमधल्या एका ओळीवर मी जास्त अडखळले. 'तीन महिने पाळीची कटकट नाही, ते एक बरं झालं.' बरं नाही झालं गं. रविवारी तू वीस किलोमीटर पळतेस. पन्नास किलोच्या बाईच्या त्यात साधारण हजार कॅलरी जातात. वर तू खातेस दोन उकडलेली अंडी, म्हणजे दीडशे, आणि बिनसाखरेची कॉफी. भाकरी सोडलीस, रात्री सातनंतर तोंडाला कुलूप. शरीराच्या हिशेबात हा दुष्काळ आहे. दुष्काळात घरातला जो खर्च टाळता येतो तो पहिला बंद होतो, तशी पाळी बंद होते. मग इस्ट्रोजेन हे बाईच्या शरीरातलं संप्रेरक उतरतं आणि हाडं ठिसूळ व्हायला लागतात. म्हणून नडगी आणि पाळी ही दोन वेगळी दुखणी असतीलच असं नाही. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४मध्ये या सगळ्याला मिळून 'रेड-एस' असं नाव दिलं, म्हणजे खेळाडूच्या शरीराला खर्चाच्या मानाने ऊर्जा कमी पडणं. थायरॉइड, पीसीओएस, आणखीही कारणं असतात, ती तपासल्यावरच कळतील. त्यामुळे स्त्रीरोगतज्ज्ञांकडेही जायचं आणि हाडांच्या डॉक्टरांना पाळीचं आपणहून सांगायचं. ते विचारतीलच असं धरून चालू नकोस.

घड्याळाला यातलं काही कळलेलं नाही. त्याला मनगट तेवढं माहीत. मी सकाळी अंथरुणातच नाडी मोजते. एरवी अठ्ठावन्न असते. सलग दोन दिवस पासष्टच्या वर गेली की त्या दिवशी बूट घालत नाही. पुष्कळदा पाठोपाठ सर्दी-ताप येतोच. चढावर सोबतिणीशी पूर्ण वाक्य बोलता आलं तर वेग बरोबर. 'हं, हं' एवढंच निघायला लागलं की मी चालते. लोक हसतात, हसू देत.

आता माझी फजिती ऐक. 'मला माझं शरीर सगळं सांगतं' असं मी ऐटीत सगळ्यांना ऐकवायचे. चार वर्षांपूर्वी एका रक्तदान शिबिरात गेले. त्याच सकाळी बारा किलोमीटर पळून झालं होतं, साधं डोकंही दुखत नव्हतं. नर्सने रक्तदाबाचा पट्टा गुंडाळला, आकडा बघितला, परत गुंडाळला. १६० आणि १००. रक्त न देताच घरी आले. मग डॉक्टर, आठवडाभर सकाळ-संध्याकाळ नोंदी, आणि आता नाश्त्यानंतर रोज एक गोळी. रक्तदाब बहुतेकदा काही बोलत नाही, वाढलेली साखरही सुरुवातीला नाही. तिथे कान लावून उपयोग नाही, मोजावंच लागतं. तू या वेळी हिमोग्लोबिनही बघून घे. बाराच्या खाली असेल तर चढावर लागणारी धाप सरावाने जाणार नाही. आणि जेवणावर लगेच चहा घेतेस ना, तो तासभर पुढे ढकल. त्याने अन्नातलं लोह पुरेसं अंगी लागत नाही.

सतरा दिवसांनी पळायचं की नाही, हे नडगी तपासून झाल्यावर बोलू. नोंदणीच्या पैशांचं मला सांगू नकोस, माझेही गेलेत.

डॉक्टरांची वेळ मिळाली की कळव. आईला सांगायला अवघड वाटत असेल तर मी सोबत येते. आणि या रविवारी वीस किलोमीटर नाही, माझ्याकडे जेवायला ये. पिठलं, भाकरी, हिरव्या मिरचीचा ठेचा करते. घड्याळ घरी ठेवून ये.

तुझी,
काकू