ऑनलाईन डिग्री घ्यायचीय, फी भरू का?

प्रश्न: नमस्कार ताई, मी बार्शीजवळच्या एका गावात राहते, वय 31. बारावी कॉमर्स झाली आणि लगेच लग्न झालं. आता पतसंस्थेत क्लार्क आहे, साहेब म्हणतात ग्रॅज्युएट असतात तर अकाउंट्सला घेतलं असतं. मोबाईलवर एका साईटवर नंबर टाकला तर आता दिवसाला चार-पाच कॉल येतायत, काउन्सेलर मॅडम म्हणतात आज रात्री बारापर्यंत फी भरली तर डिस्काउंट, घरबसल्या बी.कॉम., परीक्षेचं टेन्शन नाही, हप्ते पण करून देतो. मिस्टर म्हणतात असल्या डिगरीला कोण विचारतं. काय करू?

उत्तर: आज रात्री फी भरू नका. उद्या पण नको, आधी हे नीट वाचा.

मिस्टरांची शंका बरोबर नाही. यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, 2020 चे नियम आहेत, त्यात स्पष्ट आहे की मान्यता असलेल्या विद्यापीठाची ऑनलाईन किंवा दूरशिक्षणाची बी.ए., बी.कॉम., एम.ए. असली डिग्री ही कॉलेजात बसून घेतलेल्या डिग्रीच्या बरोबरीची. 2022 मध्ये यूजीसीनं हे परत नोटीस काढून सांगितलं. पण सगळं अडतं ते "मान्यता असलेल्या" या शब्दांवर. विद्यापीठ मोठं आहे, नाव ऐकलंय, एवढ्यानं भागत नाही, मान्यता त्या विद्यापीठाला, त्या कोर्सला आणि त्या सेशनला असावी लागते. यूजीसीच्या डिस्टन्स एज्युकेशन ब्युरोच्या म्हणजे डीईबीच्या वेबसाईटवर यादी असते, तिथं स्वतः बघा, मॅडमनी व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या पीडीएफवर जाऊ नका.

हे इतकं जीव तोडून सांगतेय कारण आमच्या घरात झालंय. माझा मावसभाऊ डिप्लोमा करून नोकरीला लागला आणि पुढे दूरशिक्षणातून इंजिनिअरिंगची डिग्री केली, रात्रपाळी करून रविवारी सेंटरला जायचा, प्रमोशनच्या वेळी कागद तपासले तेव्हा कळलं की त्या कोर्सला मंजुरीच नव्हती. चार वर्षं आणि पैसे दोन्ही गेले. 2017 मध्ये सुप्रीम कोर्टानं काही अभिमत विद्यापीठांच्या अशाच दूरशिक्षणाच्या इंजिनिअरिंग डिग्र्यांवर निकाल दिला तेव्हा कितीतरी नोकरदार अडकले होते. इंजिनिअरिंग, नर्सिंग, फार्मसी, लॉ, हॉटेल मॅनेजमेंट यांची डिग्री ऑनलाईन मिळतच नाही, कुणी देतो म्हणाला तर फोन ठेवा. तुमचं बी.कॉम. आहे म्हणजे तो प्रश्न नाही.

आता त्या कॉलवाल्या मॅडम. त्या बहुतेक विद्यापीठाच्या नाहीतच, ॲडमिशन गोळा करणाऱ्या कंपनीच्या असतात. त्यांना विचारा, फी कुणाच्या खात्यात जाणार? विद्यापीठाच्या स्वतःच्या पोर्टलवरच भरायची. आणि "हप्ते करून देतो" म्हणजे बऱ्याचदा फायनान्स कंपनीचं लोन असतं, तुमच्या नावावर, मग तुम्ही कोर्स सोडला तरी हप्ता कापला जातो आणि थकला तर सिबिल, म्हणजे कर्जफेडीचा स्कोअर, खराब होतो. तुम्ही पतसंस्थेत आहात, तुम्हाला हे मी काय सांगणार! सही करायच्या आधी फी परतीचा नियम लेखी मागा.

परीक्षेचं टेन्शन नाही हे तर साफ खोटं. नियमाप्रमाणे सत्राच्या शेवटच्या परीक्षेला किमान 70 टक्के वजन असतं, असाइनमेंटला जास्तीत जास्त 30. परीक्षा सेंटरवर की घरून कॅमेरा लावून, घरून असेल तर लॅपटॉप लागेल का, गावात नेट तीन तास टिकतं का, हे आधी विचारा. ॲडमिशनसाठी एबीसी आयडी (तुमचे क्रेडिट जमा होतात त्या सरकारी खात्याचा नंबर) आणि डीईबी आयडी (डीईबीच्या पोर्टलवर मिळणारा विद्यार्थ्याचा नंबर) लागतो, ते स्वतः काढा, ओटीपी कुणाला देऊ नका.

आणि एक गोष्ट कुणी विचारतच नाही, शिकवणार कुठल्या भाषेत? बऱ्याच ऑनलाईन बी.कॉम.चं सगळं इंग्लिशमध्ये असतं, मराठी मीडियमनंतर दहा-बारा वर्षांच्या गॅपनं ते जड जातं आणि पहिल्याच सेमिस्टरला माणूस सोडून देतो. म्हणून नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची चौकशी नक्की करा. 1989 पासूनचं, सरकारी, मराठीतून बी.कॉम. आहे, हातात पुस्तकं येतात, अभ्यासकेंद्रं गावोगावी आहेत. ते ऑनलाईन नाही, दूरशिक्षण आहे, पण मला विचाराल तर तुमच्यासाठी तेच बरं. तरी ऑनलाईनच हवं असेल तर आधी सरकारच्या स्वयम् पोर्टलवर अकाउंटिंगचा एखादा फुकटचा कोर्स महिनाभर करून बघा, लेकरं झोपल्यावर रोज तासभर बसणं जमतंय का ते कळेल. नाही जमलं तर पैसे तर वाचले.

प्रश्न: मला काउन्सेलर व्हायचंय, एम.ए. सायकॉलॉजी ऑनलाईन चालेल का? (वाचक, सांगली)

उत्तर: नाही. जुलै-ऑगस्ट 2025 च्या सेशनपासून यूजीसीनं सायकॉलॉजी आणि आरोग्याशी संबंधित बरेच विषय ऑनलाईन आणि दूरशिक्षण दोन्हीत बंद केलेत. कारण पण पटण्यासारखं आहे, माणसांशी प्रत्यक्ष बसून शिकायचं काम आहे हे. अजून ॲडमिशन चालू आहे असं कुणी सांगत असेल तर त्या सेशनच्या मंजुरीचं पत्र दाखवा म्हणा. नोकरी सांभाळूनच करायचं असेल तर जवळच्या कॉलेजात सकाळची बॅच आहे का ते बघा.